डावीकडे तळं, उजवीकडे कालवा

३ नोव्हेंबर, सोमवार. मलकापूर

पल्लवीने आज भेंडी चिरता चिरता सांगितलं, की तिने अजून हो म्हटलेलं नाही. मी पेपर वाचत होतो. पेपर खाली ठेवला.

म्हटलं, अगं, लोणारचे पाव्हणे येऊन गेले, आपण जाऊन आलो, दोन्हीकडून पसंती झाली, तुझ्या मामाने साक्षगंधासाठी हॉलसुद्धा बघून ठेवला.

"हाव, सगळ्यांनी हो म्हटलं. मले कोणी विचारलंच नाही, तर मी कुठून म्हणू?"

"मग नाही म्हण."

"नाही पण नाही ना बाबा. पोरगा चांगला दिसते. पण पोहे खाताना सगळेच चांगले दिसतात."

ही पोरगी बुलढाण्याच्या एका लॅबमध्ये रोज लोकांचं रक्त तपासते. त्यामुळे तोंडी माहितीवर तिचा विश्वास उरलेला नाही.

तिचं म्हणणं असं: दोन्ही घरांनी मिळून दोन दिवस अशा ठिकाणी जायचं, जिथून कोणाला उठून चालू पडता येणार नाही. म्हणजे बोट. केरळात भाड्याने मिळते म्हणे, शनिवार-रविवार, पाण्यातून फिरवते, खाणंपिणं-झोपणं सगळं त्यातच. मुलाला, निखिलला, तिने फोनवर सुचवलं. त्याने ती स्वतःची कल्पना म्हणून घरी सांगितली आणि लोणारवाले तयारही झाले! आमच्या सौ.ला यातलं काही माहीत नाही. तिला वाटतं पाव्हण्यांची हौस आहे, आणि पाव्हण्यांच्या हौसेला नाही म्हणायचं नसतं.

मी कालवा निरीक्षक म्हणून रिटायर झालो. उभा जन्म पाटाच्या कडेने गेला. कालव्यात चोरून टाकलेले पाइप पाहिले, मोटारी पाहिल्या, एकदा एक बेवारस म्हैस पाहिली. बोट नाही पाहिली.

५ नोव्हेंबर, बुधवार

लोणारहून दिनकररावांचा फोन. निखिलचे वडील. कृषी सेवा केंद्र आहे त्यांचं. सावकाश, तोलून-मापून बोलणारा माणूस.

"वसंतराव, बोट पोरानं पाहिली. रस्ता तेवढा तुम्ही ठरवा. कालवा म्हणल्यावर तुमचाच विषय."

"छे छे, तुम्ही म्हणाल तसं."

"असं कसं? तुम्ही म्हणाल तसं."

"मान तुमचा."

"आधी तुमचा."

चहा निवून गेला तरी हेच. माझी अडचण सरळ आहे. मी पोरीकडचा. मी रस्ता ठरवला, तर उद्या म्हणतील, कुंकू लागायच्या आधीच पोरीचा बाप आम्हाला चालवायला लागला. त्यांची अडचण उलटी. ते पोराकडचे असून पापभीरू. आपण रुबाब करतो असं कोणाला वाटू नये म्हणून जीव टाकतात. दोघंही मागे मागे सरतोय, आणि मधली जागा मोकळी.

सौ.: काय ठरलं?
मी: ते ठरवतील असं ठरलं.
सौ.: अन् ते काय म्हणाले?
मी: आपण ठरवू असं.

सौ. नुसतं "हं" म्हणाली आणि कुकर लावला.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

बोटीचा एजंट बिजू. हिंदी बोलतो, माझ्या हिंदीपेक्षा बरी. "सर, रूट बोलो."

रस्ते दोनच. एक, मोठं तळं. इतकं मोठं की पलीकडचा काठ दिसत नाही. वारा, सूर्यास्त, फोटो. दुसरा, गावातले कालवे. अरुंद, दोन्ही बाजूंनी घरं, बोट लोकांच्या मागच्या दारावरून जाते. मोठी बोट तळ्यालाच जाते, लहान बोट कालव्यात. म्हणून आधी रस्ता सांगा, मग बोट देतो.

मी सवयीने विचारलं, कालव्याला पाणी कधी सोडतात?

"सर, पानी हमेशा है."

"वो ठीक है. मगर छोडते कब है?"

"कौन छोडेगा सर? पानी है."

"बारा महिने?"

"सर, पानी किधर जाएगा?"

फोन ठेवला. बाराही महिने कालवा भरलेला. अर्ज नाही, पाळी नाही, रात्रीतून दार उचकटणं नाही, आमदाराचा फोन नाही. आपण जन्म चुकीच्या राज्यात घालवला असं क्षणभर वाटून गेलं.

९ नोव्हेंबर, रविवार

रोहिणखेडहून सौ.चा भाऊ रमेश आला. हॉलवाला विचारतोय, तारीख कधी सांगता. सांगतो म्हटलं. पल्लवीने हो म्हटलेलं नाही, हे कोणाला सांगायचं नाही असं तिने बजावलंय. मान खाली घालून वरण-भात खाल्ला.

रस्त्याचा विषय निघाला. रमेश एकदम गंभीर. "भाऊजी, कालव्यातून नेलं तर लोणारात काय सांगतील? पोरीवाल्यानं नालीतून फिरवलं! मोठ्या माणसाले मोठं पाणी."

अशी काही म्हण नाही. त्याने तिथल्या तिथे तयार केली. पण सौ.ला पटली, आणि सौ.ला पटलेली म्हण आमच्या घरात लगेच जुनी होते.

१२ नोव्हेंबर, बुधवार

दि.रा. कामाने मलकापुरात आले होते, घरी चहाला थांबले. रस्त्याबद्दल ते बोलले नाहीत, मीही नाही. पण सुज्ञास सांगणे न लगे. मी इशारे टिपत होतो.

ते म्हणाले, "आमचं लोणारचं तळं पाहा. एवढं पाणी, पण काठावरूनच पाहायचं. आमची शोभा तर काठावरपण येत नाही." आणि उसासा टाकला.

मी ओळखलं. जन्म तळ्याकाठी गेला आणि बोटीत बसायला मिळालं नाही. नवरा-बायको दोघांच्याही मनात मोठं पाणी आहे.

मग त्यांनी सहज विचारलं, "कालवा सुटला की तुम्ही अजून पाहायला जाता म्हणे?" मी म्हटलं, हाव, पाय तिकडेच ओढतात. ते हसले, मान हलवली. मलाही बरं वाटलं. व्याही म्हणून माणूस सोन्यासारखा आहे.

ते गेल्यावर सौ.ला सांगितलं, तळं नक्की. सौ. म्हणाली, मी तर केव्हाची सांगून राहिले.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

पल्लवीला बुलढाण्याच्या गाडीत बसवायला स्टँडवर गेलो. म्हटलं, मोठ्या तळ्याचं ठरवतोय.

"बाबा, हे तुम्ही मले विचारलं की सांगितलं?"

मग विचारलं, बरं, तुला कोणता पाहिजे?

"कालवा. लोकांच्या मागच्या दारावरून जाते ना ती बोट! बाया भांडी घासतात, पोरं आंघोळी करतात, सगळं दिसते. पुढच्या दारानं सगळे लोक पाहुण्यांसारखे दिसतात बाबा."

मग गाडीचं इंजिन चालू असताना, एका हातात डबा आणि एका हातात छत्री, तिने मला अट सांगितली. रस्ता कोणता पाहिजे हे निखिल तिला विचारतो का, एवढंच तिला बघायचंय. कालवा मिळो न मिळो. त्याने विचारलं पाहिजे. नाही विचारलं तर साक्षगंध नाही.

"अन् तुम्ही त्याले इशारा द्याचा नाही. माही शपथ."

शपथ घेतली. गाडी गेली. एवढं चांगलं स्थळ, सज्जन माणसं, आणि सगळं एका प्रश्नावर लटकलंय. तो प्रश्न मला माहीत आहे, उत्तर माहीत आहे, फक्त पोराला माहीत नाही की परीक्षा चालू आहे. पण एक मनातलं लिहून ठेवतो. ती बरोबर आहे असं वाटतं मला.

१६ नोव्हेंबर, रविवार

राहवलं नाही. निखिलला फोन केला. इशारा द्यायचा नव्हताच, नुसती चौकशी. चिखलीच्या बँकेत आहे तो. आवाज नम्र. जरा जास्तच नम्र.

"काय निखिलराव, तळं की कालवा?"

"तुम्ही म्हणाल तसं काका."

"तसं नाही, तुम्हाला काय वाटते?"

"आई म्हणेल तसं."

"अन् आई काय म्हणते?"

"बाबा म्हणतील तसं."

"अजून कोणाला विचाराचं राहिलं का?" हे मी मोठ्याने म्हटलं आणि जीभ चावली. शपथ जवळजवळ मोडली. तो विचार करून म्हणाला, "हो, बरोबर आहे काका. मामांना विचारतो."

कपाळावर हात मारून घेतला. सौ. विचारते, डास आहे का?

१८ नोव्हेंबर, मंगळवार

म्हटलं होऊ दे एकदाचं. बिजूला कळवलं: तळं. मोठी बोट. ओके सर.

दुपारी बिजूचा फोन. "सर, दुसरे सर कॅनल बोला."

दुसरे सर म्हणजे दि.रा.! त्यांनी सकाळीच कालवा सांगून ठेवला होता. "वसंतराव कालव्याचे माणूस, पाय तिकडंच ओढतात त्यांचे, त्यांच्या मनासारखं होऊ द्या", असं बिजूला हिंदीतून समजावलं म्हणे. केवढा मोठेपणा! मला एकदम शरमल्यासारखं झालं. मी लगेच बिजूला सांगितलं, तळं रद्द, ते म्हणतात तोच कालवा.

१९ नोव्हेंबर, बुधवार

बिजू. "सर, दुसरे सर अब लेक बोला."

मी तळं मागितल्याचं बिजूने त्यांना सांगितलं, आणि मग काय, त्यांनीही मोठेपणा केला. कालवा रद्द, तळं नक्की. आता माझा कालवा आणि त्यांचं तळं. काल माझं तळं होतं आणि त्यांचा कालवा.

मी बिजूला म्हटलं, आता पुन्हा तळंच लिही. तो म्हणाला, "सर, आप दोनों भाई है?"

"नहीं. समधी. होनेवाले."

"अच्छा," म्हणाला, त्याला सगळं समजल्यासारखं. मग त्याने तोड काढली. मधल्या मापाची बोट आहे एक, तळ्यालाही चालते, कालव्यातही शिरते. दोन खोल्या, एक बायकांची, एक पुरुषांची. तासाभराने एक फाटा येतो, तिथून डावीकडे तळं, उजवीकडे कालवा. "सर, उधर आके बोलो. मेरेको फोन नको."

'नको' हा शब्द त्याला आमच्यामुळेच आला असणार.

२९ नोव्हेंबर, शनिवार

सौ.चं सामान: भाजके शेंगदाणे, ठेचा, तिळाची चटणी, दशम्या, लाडू, शेव, दोन प्रकारची लोणची. म्हटलं बोटीवर स्वयंपाकी आहे. म्हणे पाव्हणे काय म्हणतील. तिकडे लोणारला विहीणबाईही हेच करत असणार, कारण पाव्हणे काय म्हणतील.

निखिल पल्लवीला रोज फोन करतो. मी तिच्या तोंडाकडे बघतो.

"विचारलं?"

"ठेचा चालतो का म्हणून विचारलं."

"म्हणजे विचारतो तर!"

"बाबा."

४ डिसेंबर, गुरुवार. रेल्वेत

मलकापूर स्टेशनवर लोणारचे तिघंही भेटले. मुंबईत गाडी बदलून पुढे. खालचे बर्थ दोन. आम्ही म्हटलं पाव्हणे, तुम्ही बसा. ते म्हणाले नाही, मान तुमचा. सौ. म्हणाली, शोभाताई, तुमचे गुडघे. शोभाताई म्हणाल्या, अवो बाई, तुमची कंबर. कल्याण गेलं तरी खालचे दोन्ही बर्थ रिकामे आणि चार वयस्क माणसं बॅगा धरून उभी.

टीसी आला. म्हणाला, "या सीट कोणाच्या?" आम्ही चौघांनी एकमेकांकडे बोट दाखवलं.

पल्लवी वरच्या बर्थवरून बघत होती. निखिलही त्याच्या वरच्या बर्थवरून बघत होता. दोघं एकमेकांकडे बघून हसले. मी पाहिलं ते. हे चांगलं लक्षण धरावं का?

६ डिसेंबर, शनिवार. बोटीवर

पोचलो. बिजू वयाने लहान निघाला, आवाजावरून मोठा वाटायचा. त्याने दि.रा. आणि मला शेजारी शेजारी उभं करून फोटो काढला, म्हणाला ऑफिसमध्ये दाखवायचाय.

बोट म्हणजे चटईचं छप्पर घातलेलं मोठं घर. चालक लुंगीवाले, पांढऱ्या मिशा, मल्याळमशिवाय दुसरी भाषा नाही. स्वयंपाकी एक. बिजू दुभाषा. आणि पाणी! कालवा काठोकाठ भरलेला, आणि काठावर फावडं घेऊन एकही माणूस उभा नाही. मी वाकून बघत राहिलो. सौ. म्हणाली, अहो, पडाल.

मग फाटा आला. चालकाने इंजिन बंद केलं आणि वळून बघितलं. बिजू म्हणाला, "सर. लेफ्ट में लेक," (हे त्याने हाताने दाखवलं) "राइट में कॅनल. अब बोलो."

मी म्हटलं, दिनकरराव, तुम्ही म्हणाल तसं.

ते म्हणाले, आता इथवर आलो, आता तरी तुम्ही सांगा.

हे चालू असताना एक गोष्ट आमच्या लक्षात आली नाही. इंजिन बंद असलेली बोट जागेवर राहत नाही. ती हळूहळू गोल फिरत होती. शेवटी दि.रा. मन घट्ट करून म्हणाले, "बरं, उजवीकडं घ्या. वसंतरावांचा कालवा." चालकाने उजवीकडे बघितलं. उजवीकडे आता तळं होतं. मी म्हटलं, "नाही नाही, डावीकडे, दिनकररावांचं तळं." डावीकडे कालवा. मागून दोन बोटींनी भोंगे वाजवले. चालकाने डोक्याचं फडकं काढलं, तोंड पुसलं, पुन्हा बांधलं.

पल्लवी पुढच्या टोकाला कठड्याला टेकून उभी. मी निखिलकडे बघितलं. विचार रे बाबा. आता तरी विचार. माझे ओठ हलत होते बहुतेक, कारण पल्लवीने माझ्याकडे डोळे मोठे केले.

तेवढ्यात शोभाताई. खांबाला मिठी मारून, डोळे गच्च मिटून बसल्या होत्या. तशाच बसून म्हणाल्या, "निखिल, तिले विचार ना एकदा."

निखिल पुढे गेला. "तुम्हाला... कोणता पाहिजे?"

विचारलं! पण मी खूश होता होता थबकलो. पल्लवीच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. आईने सांगितल्यावर विचारलेलं धरायचं की नाही, असा हिशेब चालला असावा. तिने त्याला उत्तर दिलंच नाही. त्याच्या बाजूने निघून ती शोभाताईंच्या पुढ्यात जाऊन बसली.

"काकू, तुम्हाला कोणता पाहिजे? खरं सांगा."

शोभाताईंनी डोळे उघडले. "मले?"

"हो."

"मले मोठ्या पाण्याचं भेव वाटते वं माय," त्या म्हणाल्या. "लग्न होऊन लोणारात आले तेव्हाच पाह्यलं ते तळं. तवापासून तळ्याकडं पाठ करूनच राहते. हे बोटीचं निघालं तसं मी रोज देवाले म्हणते, मोठं पाणी नको दाखवू."

दि.रा. उभेच्या उभे. "मग मला कशामुळं नाही सांगितलं?"

"तुम्ही म्हणे रस्ता वसंतराव ठरवतील."

नोकरीत एक नियम होता. पाणी द्यायचं ते टेलपासून, म्हणजे शेवटच्या शेतापासून. आधी शेवटचा भिजला पाहिजे, मग वरचे. कागदावर होता. प्रत्यक्षात वरचे आधी घेत, आणि मी टेलच्या माणसाला सांगायचो, येईल येईल. महिनाभर एवढा मान दिला-घेतला आम्ही, आणि टेलला ही बाई डोळे मिटून बसलेली. मला फार वाईट वाटलं. उगाच नाकबिक पुसलं.

"कॅनल," पल्लवी बिजूला म्हणाली. बिजू मल्याळममध्ये ओरडला. चालकाने, देव पावल्यासारखं, इंजिन सुरू केलं.

त्याच दिवशी, दिवे लागायच्या वेळी

कालवा खरंच मागच्या दारांचा. एक बाई पायरीवर मासे साफ करत होती, तिने वर पाहिलंसुद्धा नाही. एक म्हातारा दात घासत होता. एका घरात भांडण चाललं होतं, ते आम्हाला सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकू आलं, कारण बोट हळू जाते. भाषा कळली नाही, पण चूक नवऱ्याची होती यावर सौ. आणि शोभाताईंचं एकमत झालं.

शोभाताई जेवणापर्यंत बोलत होत्या. खांब कधी सुटला त्यांनाही कळलं नाही. दि.रा. मध्येच मला म्हणाले, "वसंतराव, मी समजायचो तिला घरातून वेळ मिळत नाही."

पल्लवीला एकटीला गाठलं. म्हटलं, मग? विचारलं त्याने.

"आईनं सांगितल्यावर. ते धराचं का?"

"मग नाही?"

"सासू पसंत आहे," ती म्हणाली. "पोराचं चालू आहे."

७ डिसेंबर, रविवार. सकाळ

नाश्त्याला जाळीदार पांढरे घावन. सौ.ने वर ठेचा वाढला. स्वयंपाक्याने चाखला आणि बाहेर जाऊन उभा राहिला.

निखिल ताटाकडे बघत एकदम म्हणाला, "मले तळं पाहाचं होतं."

सगळ्यांचे हात थांबले. शोभाताई: "मग काल बोलला काऊन नाही बे?"

"तुह्यासाठी नाही बोललो. पण मले पाहाचं होतं. लहानपणापासून काठावरून पाहून राह्यलो. एकदा मधात जाऊन पाहाचं होतं."

पोराचा आवाज पहिल्यांदा ऐकला मी. फोनवर जो यायचा तो नव्हता हा.

पल्लवी म्हणाली, "काय पाहाचं तिथं? पाणी अन् पाणी."

"अन् कालव्यात काय होतं? लोकांची भांडी!"

"भांड्यातच सगळं कळते."

"काय कळते? तुले काय कळलं काल?"

तुले! सौ.ने माझ्याकडे बघितलं, मी घावनाकडे. नाश्ता झाल्यापासून दोघं बोटीच्या मागच्या टोकाला भांडतायत. इंजिनामुळे शब्द येत नाहीत, हात दिसतात. शोभाताई काळजीत. मी त्यांना म्हटलं, भांडू द्या.

दुपार. धक्क्यावर

बोट सोडली. गाडी संध्याकाळची.

पल्लवी आली. तोंड लाल. "बाबा, बिजूची लहान नाव आहे. आम्ही तळ्यापर्यंत जाऊन येतो. नाववाला आहे सोबत. आम्ही दोघंच."

दोघंच. साक्षगंध झालेलं नाही. मलकापुरात कळलं तर, लोणारात कळलं तर, रमेशला कळलं तर! दि.रा. सामान मोजत होते, पाच पावलांवर. विचारायला हवं होतं. तोंडात आलंसुद्धा, थांब, पाव्हण्यांना विचारतो.

"जा," म्हटलं.

मग दोघं गेले. निखिल नावेत चढताना घसरला, तिने हात दिला नाही, तो आपला आपण चढला. ते मला आवडलं. का, ते सांगता येणार नाही.

सौ.: पाव्हण्यांना विचारलं का?
मी: नाही.
सौ. माझ्याकडे नवीन माणसासारखं बघायला लागली.

मग दि.रा. आले. "पोरं कुठंयत? कोणी जा म्हणलं?"

"मी."

"मला विचारायचं ना वसंतराव."

"विचारलं असतं तर काय म्हणाले असते?"

त्यांनी प्रामाणिकपणे विचार केला. "तुम्ही म्हणाल तसं," म्हणाले, आणि स्वतःच इतके हसले की शोभाताई घाबरून उठल्या. मग माझ्याशेजारी पायरीवर बसले. थोड्या वेळाने हळू विचारलं, "पोरगी हो म्हणेल ना?"

म्हणजे तिने अजून हो म्हटलेलं नाही, हे त्यांना माहीत होतं. बहुतेक निखिललाही.

खरं सांगितलं. मला माहीत नाही.

चौघं बसलोय. शोभाताई पाण्याकडे तोंड करून बसल्या आहेत, अर्धवट. दशम्या संपल्या. बिजू दोनदा घड्याळ दाखवून गेला. गाडीला वेळ आहे, पण फार नाही. मी त्याला म्हटलं, येतील. त्याला नाही, स्वतःलाच म्हटलं असावं.

नाव दिसली. तळ्याकडून येतेय. ती पुढच्या टोकाला, तो मागच्या, मध्ये नाववाला. पल्लवी उभी राहून हात हलवतेय, तो बसल्या बसल्या मान हलवतोय. आडवी की उभी, ते चष्मा पुसून पाहिला तरी इथून कळत नाही. दि.रा.ही विचारतायत, काय म्हणते? मी म्हटलं, आधी काठाला तर लागू द्या.